तेवीस सेकंदांचा तुकडा: ठेवायचा की टाकायचा?

सर्न या संशोधनकेंद्राच्या एलएचसी यंत्रात समोरासमोर टकरी घडवण्यासाठी फिरवलेला प्रोटॉनचा झोत सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतो. या टकरी टिपणाऱ्या सीएमएस प्रयोगात अशा २,६२,१४४ फेऱ्यांचा एक तुकडा पाडतात, त्याचं नाव ल्युमिसेक्शन. घड्याळाने मोजला तर तो २३.३ सेकंदांचा भरतो. डेटा चांगला की वाईट हे या तुकड्याच्या पातळीवर ठरतं, प्रमाणपत्र त्याहून बारीक दिलं जात नाही. २०१८ मध्ये यंत्र पूर्ण जोरात असताना एका तुकड्यात जवळपास अर्धा इन्व्हर्स पिकोबार्न (जमा झालेल्या टकरींचं माप) गोळा व्हायचा, म्हणजे हिशेबाने पंचवीसेक हिग्ज बोसॉन तयार व्हायचे. त्यातले बहुतेक ओळखू येत नाहीत हे खरं, पण एखाद्या भागाचं हाय व्होल्टेज दहा मिनिटं पडलं तर काय गेलं याचा अंदाज यावरून येतो.

हा निर्णय दोन टोकांकडून होतो. झोतासोबत येणारा बॅकग्राउंड आटोक्यात आहे का, हे एक. डिटेक्टरने नोंदवलेलं विश्वासाचं आहे का, हे दुसरं. फ्रान्समधल्या सेसी गावच्या कंट्रोल रूममध्ये या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पडद्यांवर दिसतात, आणि त्या एकत्र वाचल्या नाहीत तर बिघाडाचं मूळ सापडत नाही. शिफ्टवर येणाऱ्या नव्या मंडळींना लाल-हिरव्या चौकोनांची यादी हातात मिळते. माझं स्पष्ट मत आहे की त्या यादीच्या आधी त्यांना नॅनोसेकंदांचं घड्याळ शिकवायला हवं.

बॅकग्राउंड या शब्दाने गोंधळ होतो. विश्लेषण करणारा बॅकग्राउंड म्हणतो तेव्हा त्याला नको असलेल्या, पण खऱ्याखुऱ्या टकरी म्हणायच्या असतात. इथे अर्थ वेगळा: टकरीतून न आलेलं जे काही डिटेक्टरला लागतं ते. नळीत उरलेल्या वायूच्या रेणूंवर प्रोटॉन आपटतात, तो बीम-गॅस. झोताच्या कडेचे भरकटलेले प्रोटॉन त्यांना अडवणाऱ्या कॉलिमेटरवर आदळून म्युऑनांचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांचा, वर्षाव करतात, तो हेलो. हे म्युऑन झोताला समांतर, दीडशे मीटरवरून आणि त्याहूनही लांबून येतात. शिवाय टकरी होऊन गेल्यावरही आसपासच्या पदार्थात रेंगाळणारे न्यूट्रॉन आणि किरणोत्सार असतो, त्याला आफ्टरग्लो म्हणतात.

यातलं टकरीचं कोणतं आणि झोतासोबतचं कोणतं हे वेळेवरून कळतं. टकरीच्या बिंदूपासून १.८ मीटरवर एक छोटा सेन्सर आहे असं समजा. प्रोटॉनांचा बंच, म्हणजे पुंजका, आत येताना त्याच्याजवळून जातो आणि सोबतचे भरकटलेले कण तेव्हाच सेन्सरला लागतात. बंचला मध्यापर्यंत पोचायला अजून ६ नॅनोसेकंद आहेत. टक्कर होते, आणि तिच्यातून निघालेले कण याच सेन्सरपाशी परत यायला आणखी ६ नॅनोसेकंद जातात. म्हणजे दोन्हींत १२ नॅनोसेकंदांची फट पडली. बंच एकमेकांमागे २५ नॅनोसेकंदांनी येतात, त्यामुळे ही फट बरोबर अर्ध्यावर बसते आणि पुढच्या बंचचे कण मागच्याच्या टकरीत मिसळत नाहीत. सीएमएसचा बीसीएम१एफ हा वेगवान मॉनिटर १.८ मीटरवर बसवलाय तो यासाठी. एलएचसीवरच्याच अ‍ॅटलास प्रयोगातले हिऱ्याचे सेन्सरही दोन्ही बाजूंना १.८४ मीटरवरच आहेत.

झोतापासून लांबून जाणाऱ्या म्युऑनांसाठी सीएमएसमध्ये दोन्ही टोकांना वीस-वीस क्वार्ट्झच्या कांड्या आहेत, मध्यापासून २०.६ मीटरवर. हा आकडा विचित्र वाटतो, पण गुणाकार करून पाहा. जाऊन-येऊन प्रकाशाला १३७ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे बंचमधली साडेपाच अंतरं. पुन्हा अर्धा! शिवाय वेगवान कण क्वार्ट्झमधून जाताना निघणारा चेरेन्कोव्ह प्रकाश कणाच्या दिशेनेच पुढे जातो, त्यामुळे कांडीच्या एका टोकाला प्रकाश टिपणारा फोटोमल्टिप्लायर लावला की झोतासोबत येणारे कण ठळक दिसतात आणि टकरीकडून उलट येणारे फिके पडतात. वेळ आणि दिशा, अशी दुहेरी चाळणी.

मोजताना एक पथ्य पाळावंच लागतं. बंचांची गाडी जात असते तेव्हा आफ्टरग्लो साचत जातो, म्हणून गाडीच्या मधल्या बंचवर घेतलेला बॅकग्राउंडचा आकडा फुगलेला असतो. विश्वासाचा आकडा मिळतो तो मोकळ्या जागेनंतरच्या पहिल्या बंचवर, किंवा समोरून जोडीदार नसलेल्या, म्हणजे टक्कर न होणाऱ्या बंचवर. तो आकडा बंचमधल्या प्रोटॉनांच्या संख्येने भागायचा. भागल्यावर आलेख सपाट राहिला तर नळीतला दाब स्थिर आहे. भागूनही चढत असेल तर दाब वाढतोय, मग व्हॅक्यूम गेजचे आकडे उघडायचे, आणि दोन झोतांचे वेगवेगळे पाहायचे. दोन्हींची बेरीज पाहिली की एका बाजूचा चढ दुसरीच्या उतारात लपतो. मिनिटभराचा उंच सुळका दिसला तर त्याच वेळी कॉलिमेटर हलवले होते का ते विचारायचं.

वायूची गोष्ट किती लांब जाऊ शकते ते २०१७ ने दाखवलं. एलएचसीच्या १६एल२ नावाच्या भागात हवा शिरून आत गोठून बसली होती. तिथे झोताची हानी वाढायची आणि झोत सोडून द्यावा लागायचा. उपाय म्हणून बंचांची रचनाच बदलली: आठ भरलेले, चार रिकामे. टकरींचे बंच कमी झाले, प्रत्येकातली गर्दी, म्हणजे एकाच वेळच्या टकरी, वाढली. डेटा तपासणाऱ्यांना त्याचा फटका वेगळ्याच ठिकाणी बसतो. जुन्या रचनेतला रन, म्हणजे डेटा घेण्याची एक सलग फेरी, संदर्भ म्हणून ठेवला की प्रत्येक हिस्टोग्राम बिघडलेला दिसतो, आणि डिटेक्टर मात्र ठणठणीत असतो.

बॅकग्राउंड डिटेक्टरमध्ये कसा दिसतो? टकरीच्या सगळ्यात जवळच्या पिक्सेल डिटेक्टरच्या आतल्या थरांत समांतर जाणारा कण सेन्सरच्या पृष्ठभागावरून घासत जातो आणि पेटलेल्या पिक्सेलांचा लांबच लांब गट, म्हणजे क्लस्टर, उमटतो. २०१० च्या सुमारास अशा घटनांत (एका वेळची डिटेक्टरची सगळी नोंद म्हणजे एक घटना) पिक्सेल इतके भरून जायचे की वाचन करणारी इलेक्ट्रॉनिक्स ताळ्यावर राहायची नाही. त्यांना आधी ‘मॉन्स्टर’ म्हणत, नंतर ‘पूर्वी मॉन्स्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या’ असं लांबलचक नाव पडलं आणि त्याची आद्याक्षरं, पीकेएएम, रूढ झाली. तेव्हाची साधी चाळणी अशी होती: दहाहून जास्त ट्रॅक, म्हणजे कणांचे जुळवलेले मार्ग, असतील आणि त्यातले उत्तम दर्जाचे २५ टक्क्यांहून कमी असतील, तर घटना बाजूला काढायची. टकरीचे ट्रॅक मध्यातून निघतात आणि सरळ जुळतात. झोताच्या कचऱ्याचे जुळत नाहीत.

कणांची ऊर्जा मोजणाऱ्या कॅलरीमीटरमध्ये मात्र फसगत होते. हेलोचा एखादा म्युऑन तिथे जोरदार ऊर्जा सोडतो आणि समोर काहीच नसतं, म्हणून मेट, म्हणजे आडव्या दिशेत हरवलेली ऊर्जा, खोटीच मोठी दिसते. डार्क मॅटर शोधणाऱ्याला हवी तशीच घटना! इथे मेटच्या फाय कोनाचा, म्हणजे झोताभोवतीच्या दिशेचा, आलेख उघडावा. माझ्या मते तपासणीतला सगळ्यात बोलका आलेख हाच. त्यात तीन आकार ओळखायला शिकलं पाहिजे. शून्य आणि पाय (१८० अंश) या दोन कोनांवर दोन टेकड्या दिसल्या तर हेलो, कारण झोत आडव्या प्रतलात वळवला जातो आणि भरकटलेले म्युऑन त्याच प्रतलात जास्त सापडतात. पूर्ण फेरीत एक चढ आणि एक उतार, अशी शांत लाट दिसली तर झोत मध्यापासून सरकलेला आहे किंवा डिटेक्टर दोन बाजूंना थोडा असमान आहे. ही लाट नेहमीच थोडीफार असते, तिची दुरुस्ती पुढे होते. आणि एकाच कोनावर सुईसारखा सुळका उभा राहिला तर एखादा चॅनेल तापलाय किंवा त्याच्या बरोबर समोरचा मेलाय. तापलेला का मेलेला, हे ऑक्युपन्सीच्या, म्हणजे कुठे किती नोंदी झाल्या त्याच्या, नकाशावर लगेच कळतं.

इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा गोंगाटही आहेच. विद्युतचुंबकीय कॅलरीमीटरच्या मधल्या भागात स्फटिकामागच्या फोटोडायोडवरच एखादा हॅड्रॉन (प्रोटॉनच्या जातीचा कण) थेट आदळला की प्रचंड ऊर्जेचा खोटा ठिपका उमटतो. याला स्पाइक म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा शेजारच्या स्फटिकांत सांडते, स्पाइकची सांडत नाही. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चौघांची बेरीज मधल्याच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर तो स्पाइक. मुख्य चुंबकाच्या वेटोळ्याबाहेरच्या एचओ या हॅड्रॉन कॅलरीमीटरचीही अशीच कथा. त्याच्या उभारणीत मुंबईच्या टीआयएफआरचा मोठा वाटा आहे. चुंबकाबाहेरच्या विस्कळीत क्षेत्रात त्याचे जुने फोटोडिटेक्टर डिस्चार्ज होऊन गोंगाट करायचे. २०१३–१४ च्या मोठ्या बंदमध्ये त्यांच्या जागी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर बसवले.

आता डेटाची तपासणी, म्हणजे डीक्यूएम (डेटा क्वालिटी मॉनिटरिंग). पहिला ट्रिगर, म्हणजे कोणती टक्कर ठेवायची ते क्षणात ठरवणारी चाळणी, सेकंदाला एक लाखापर्यंत घटना वाचायला सांगतो, त्यातल्या हजाराच्या घरात कायमच्या साठवल्या जातात, आणि शंभरेक ऑनलाइन तपासणीकडे वळतात. कंट्रोल रूममधला पडदा पाहताना हे प्रमाण विसरू नये. समोर दिसतो तो नमुना असतो. सगळ्या घटनांची पहिली पुनर्रचना साधारण ४८ तास थांबून सुरू होते, कारण मध्यंतरी झोताची नेमकी जागा, मेलेले चॅनेल, पिक्सेलची जुळणी यांची ताजी मापं काढली जातात. निवडक घटनांची तातडीची पुनर्रचना मात्र काही तासांतच हाती येते. ऑफलाइन तपासणीला सेसीत बसायची गरज नसते, ती मुंबईतून किंवा पुण्यातूनही होऊ शकते.

रन सुरू झाल्यावर क्रम असा ठेवावा. आधी चुंबक ३.८ टेस्लावर आहे ना. मग कणांचे मार्ग टिपणाऱ्या ट्रॅकरचं हाय व्होल्टेज. ते ‘स्टेबल बीम्स’ जाहीर झाल्यावरच चढवतात, त्यामुळे प्रत्येक फिलचे (यंत्र एकदा प्रोटॉनांनी भरल्यापासून झोत सोडेपर्यंतच्या काळाचे) पहिले काही तुकडे तसेच जातात आणि त्यावर घाबरण्याचं कारण नाही. मग ऑक्युपन्सीचे नकाशे: पांढरी छिद्रं, तापलेले ठिपके. मग क्लस्टरच्या चार्जचं शिखर कुठे आहे. त्यानंतर ट्रॅकची संख्या, व्हर्टेक्सची (टकरीच्या बिंदूंची) संख्या आणि शेवटी ट्रिगरचे दर.

चुका होतात त्या तुलना करताना. पडद्यावर आजचा आलेख आणि संदर्भ रनचा आलेख एकावर एक चढवतात, आणि सोयीसाठी दोन्हींचं क्षेत्रफळ सारखं करतात. सगळ्या चॅनेलमधून सारखाच पाचवा हिस्सा गायब झाला असेल तर अशा तुलनेत काहीही दिसणार नाही. आकार तोच राहतो, संख्या बुडते. म्हणून दर घटनेमागे किती हिट, म्हणजे सेन्सरवरच्या नोंदी, हा आकडा वेगळा पाहायचाच. दुसरी चूक लॉग स्केलची. त्यावर ३० टक्क्यांची घट डोळ्यांना जवळजवळ कळत नाही. आणि संदर्भ रन निवडताना गर्दी, बंचांची रचना, ट्रिगर मेन्यू हे तिन्ही जुळले पाहिजेत. कालचा रन हाताशी आहे म्हणून तोच घेणं हा आळस आहे आणि तो महागात पडतो. पहिल्या दोन-तीन तुकड्यांत आकडेवारीच कमी असते, तेव्हा आपोआप चालणारी चाचणी लाल झाली तरी दहा तुकडे थांबून पुन्हा पाहायचं. खरा बिघाड तुकड्यामागून तुकडा एकाच जागी राहतो, योगायोग जागा बदलतो. २०२२ पासून स्फटिकांच्या कॅलरीमीटरसाठी न्यूरल नेटवर्क लावलंय, तेही हाच नियम वापरतं: लागोपाठच्या तुकड्यांतले नकाशे एकमेकांशी गुणून तात्पुरते ठिपके पुसून टाकतं.

एवढं सगळं करूनही जे निसटतं त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण शिकण्यासारखं तिथेच आहे.

२०१६ मध्ये स्ट्रिप ट्रॅकरचे ट्रॅक हिट गमावत होते. छिद्रं नाहीत, मेलेले मॉड्यूल नाहीत, सगळे नकाशे भरलेले. फक्त क्लस्टरचा चार्ज कमी आणि ट्रॅकमागे हिट कमी. खूण अशी होती की फिलच्या सुरुवातीला, टकरी जास्त असताना, त्रास जास्त, आणि तास उलटले की आपोआप कमी. आधी संशय गेला तो जड आयनीभवन करणाऱ्या कणांवर. खरं कारण निघालं ते वाचन करणाऱ्या एपीव्ही२५ चिपच्या प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये. गर्दीत त्याच्यावरचा चार्ज वेळेत उतरत नव्हता आणि तो संपृक्त होत होता. ऑगस्टच्या मध्यावर एक बायस व्होल्टेज बदलल्याबरोबर हिट परत आले. तोवर वर्षाच्या ३६ इन्व्हर्स फेम्टोबार्नपैकी निम्म्याहून अधिक डेटा घेऊन झाला होता. तो टाकला नाही, त्याच्यासाठी सिम्युलेशन वेगळं बनवलं. आजही २०१६ चा डेटा दोन भागांत हाताळतात, आणि पहिल्या भागावर दुसऱ्याची दुरुस्ती लावणं ही नवख्यांची ठरलेली चूक आहे.

प्रीफायरिंगचं प्रकरण याहून अवघड. २०१६ आणि २०१७ मध्ये कॅलरीमीटरच्या टोकांकडच्या स्फटिकांची पारदर्शकता किरणोत्साराने बदलत गेली, त्यामुळे पल्सचा आकार आणि वेळ हळूहळू सरकली. ट्रिगरला जाणारा संदेश कधी कधी एक टक्कर आधीच्या खात्यावर पडू लागला. आता ट्रिगरचा एक नियम असा की लागोपाठच्या तीन टकरींत एकापेक्षा जास्त वेळा ‘हो’ म्हणता येत नाही. म्हणजे चुकीच्या, रिकाम्या टकरीला ‘हो’ मिळाला की खरी टक्कर नियमाने बंद. रिकामी घटना पुढच्या चाळणीत फेकली जायची आणि खरी कधी लिहिलीच गेली नाही. डीक्यूएम नोंदलेल्या घटनांचे आलेख काढतं. जे नोंदलंच नाही ते कोणत्या आलेखात दिसणार?

मोजमाप करण्याची युक्ती त्याच नियमातून सापडली. एखाद्या टकरीच्या बरोबर तीन जागा आधी योगायोगाने दुसरा ट्रिगर लागलेला असेल, तर मधल्या दोन्ही जागा आधीच बंद असतात. अशी घटना प्रीफायर होऊच शकत नाही. या घटना फार थोड्या असतात, पण त्यांच्यात आणि बाकीच्यांत तुलना केली की किती टक्के गेल्या ते ईटा (कण झोताच्या किती जवळून निघाला ते सांगणारा आकडा) आणि ऊर्जेनुसार कळतं. ईटा २ च्या पुढे, जास्त ऊर्जेच्या जेटसाठी, म्हणजे एकाच दिशेने निघालेल्या कणांच्या झुबक्यासाठी, हे नुकसान लक्षणीय होतं. २०१८ चं सत्र सुरू करताना वेळ सुधारून घेतली. यातून एक सवय मात्र कायमची लागली पाहिजे: दोन टकरी आधी आणि नंतर काय नोंदलं गेलं, याचे आलेखही रोजच्या यादीत ठेवायचे.

तिसरं उदाहरण सरळ आहे, पण निर्णय कठीण होता. ३० जून २०१८ ला वीजपुरवठा खंडित होऊन परत आला आणि हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या एका टोकाची दोन मॉड्यूल त्या वर्षापुरती गेली. रन ३१९०७७ पासून ईटा उणे ३ ते उणे १.३ आणि फायमध्ये ४० अंशांची खिडकी रिकामी. ऑक्युपन्सीवर ते पहिल्याच तुकड्यात दिसलं, त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न होता की हा डेटा चांगला म्हणायचा का. आत जाऊन दुरुस्ती करायची तर डिटेक्टर उघडावा लागणार. वाईट म्हटला तर वर्षाच्या ६० पैकी जवळपास ३९ इन्व्हर्स फेम्टोबार्न गेले. चांगला म्हणून ठेवला आणि खिडकीची जबाबदारी विश्लेषण करणाऱ्यांवर टाकली. माझ्या दृष्टीने निर्णय योग्यच होता, पण त्याची किंमत नीट समजून घ्यावी लागते. तिथल्या जेटची ऊर्जा कमी मोजली जाते, म्हणून समोर खोटी मेट येते. हे सगळे लक्षात ठेवतात. विसरतात ते दुसरं: हॅड्रॉनची ऊर्जाच दिसत नसल्याने तिथला साधा जेट इलेक्ट्रॉन किंवा फोटॉनसारखा भासतो. त्या खिडकीत इलेक्ट्रॉन जास्त दिसले तर आधी रन नंबर पाहायचा.

शेवटी हे सगळं एका साध्या फाइलमध्ये उतरतं. व्होल्टेजच्या नोंदी तुकड्यागणिक आपोआप भरल्या जातात, उपडिटेक्टरचे जाणकार रन पाहून शेरा देतात, आणि सगळे हिरवे असलेल्या तुकड्यांची जेसॉन यादी बाहेर पडते: रन नंबर आणि त्यापुढे पहिल्या-शेवटच्या तुकड्यांच्या जोड्या. तिला गोल्डन म्हणतात. फक्त म्युऑन वापरणाऱ्यांसाठी कॅलरीमीटरचे शेरे न पाहणारी वेगळी यादी असते, तिच्यात ल्युमिनॉसिटी, म्हणजे जमा झालेल्या टकरींचं माप, थोडी जास्त मिळते. अंतिम अवस्थेत जेट किंवा मेट असेल तर मात्र ती वापरायची नाही, मोह झाला तरी.

यादी लावल्यानंतरची चूक सगळ्यात जास्त वेळा होते. ब्रिलकॅल्क या हिशेबाच्या प्रोग्रामला गोल्डन यादी देऊन ल्युमिनॉसिटी काढली जाते, आणि प्रत्यक्षात ग्रिडवरचे, म्हणजे जगभर विखुरलेल्या संगणकांवरचे, काही जॉब पडलेले असतात. त्यांचे तुकडे वाचलेच गेले नाहीत, पण भाजकात आले. २०१६ ची ल्युमिनॉसिटी १.२ टक्क्यांच्या अचूकतेने माहीत आहे. शंभरात दोन जॉब पडले की ती मेहनत वाया. याच्या उलटही घडतं. दुर्मिळ ट्रिगर असेल तर कित्येक तुकड्यांत एकही घटना नसते. हे तुकडे मोजलेच पाहिजेत, तिथे टकरी झाल्या आणि आपल्याला हवं ते मिळालं नाही, एवढंच. घटनांच्या यादीतून तुकडे गोळा केले तर रिकामा तुकडा आणि हरवलेला तुकडा सारखेच दिसतात. म्हणून फाइलमधल्या ल्युमिसेक्शनच्या नोंदी, घटना शून्य असल्या तरी, गाळणीच्या प्रत्येक पायरीला जपायच्या. त्यावरून प्रक्रिया झालेल्या तुकड्यांची यादी काढायची, गोल्डन यादीतून ती वजा करायची. बाकी शून्य आली पाहिजे. न आल्यास राहिलेले जॉब पुन्हा चालवायचे, आणि तोवर ल्युमिनॉसिटीचा आकडा कोणत्याही आलेखावर छापायचा नाही.